एका परातीतले घास

पाळणाघर म्हटलं की लोकांना वाटतं, मुलं झोपलेली असतात आणि बाई मालिका बघत असते. नारायण पेठेत, तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत मी बत्तीस वर्षं पाळणाघर चालवलं. सगळी मुलं एका वेळी झोपली आहेत अशी एकही दुपार मला आठवत नाही. "घरबसल्या बरं आहे हो तुमचं," असं नेहमी म्हणणाऱ्या एका शेजारणीला मी एकदा मुलांपाशी बसवून तासभर बँकेत गेले. परत आले तर बाई चपला घालून दारातच उभ्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी पाळणाघर बंद केलं. गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिला होता, मी उशिरा दिला. आता सकाळी पेपर सलग वाचता येतो, चहा गरम असताना पिता येतो. भेटेल तो म्हणतो, सुटलात. सुटले खरी. पण दुपारचे बारा वाजले की मला घरात करमत नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी इकडची तिकडे करत बसते.

बारा ही आमची घासांची वेळ होती.

ते कसं असायचं ते सांगते. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकायची. मुलं भिंतीला पाठ लावून अर्धगोलात बसायची. मध्ये मी, मांडी घालून, पुढ्यात कल्हई केलेली पितळेची परात. त्यात मऊ भात, वरण, तूप, मीठ, लिंबू, सगळं हाताने कालवलेलं. पहिला घास डाव्या टोकाच्या मुलाला, शेवटचा उजव्या टोकाला, की पुन्हा पहिल्यापासून. दहा-बारा मुलं, एक परात, एक हात. घरी जेवायला तासभर रडवणारी मुलं इथे आपली पाळी येईपर्यंत तोंड उघडं ठेवून बसायची, कारण शेजारच्याला मिळालेला घास आपल्याला मिळालाच पाहिजे. आया विचारायच्या, "काकू, तुम्ही त्या भातात घालता तरी काय?" मी सांगायची, "शेजारचं मूल."

त्या हाताला फार कळायचं. कोणाला घास बोराएवढा हवा, कोणाला लिंबू जास्त, कोण गालात साठवून ठेवतं. घास घेताना मुलांचे ओठ बोटांना लागायचे, आणि कोणाला कणकण आहे ते थर्मामीटरच्या आधी बोटांना समजायचं. दात येतायत, घसा दुखतोय, घरी आईबाबांचं भांडण झालंय, सगळं त्या एका घासात. मला त्या हाताचा अभिमान होता. पाळणाघराचं नाव झालं ते त्याच्यामुळेच, आणि जे सांगायला बसले आहे तेही घडलं त्याच्यामुळेच.

बाकी शिस्त कडक होती. दारावर पाटी होती: ‘आजारी मूल आणू नये. आणून, काल रात्रीपर्यंत चांगलं होतं, असे सांगू नये.’ लोक हसायचे, पण ती पाटी अनुभवातून आली होती. सकाळी तापाचं औषध पाजून मूल सोडायचं आणि औषध उतरायच्या वेळी फोन उचलायचा नाही, ही युक्ती मी इतक्या जणांची पाहिली की मला सगळेच पालक थोडेफार खोटे वाटायला लागले होते. त्यांचा दोष नव्हता. रजा संपलेल्या असायच्या, साहेब ऐकणारे नसायचे. एका वडलांनी तर मला मुलाच्या दिवसाचा रंगीत तक्ता छापून दिला होता. त्यात पावणेअकराला ‘सेन्सरी प्ले’, म्हणजे चव-स्पर्शाचा खेळ, असं लिहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, झालं का? म्हटलं, झालं की. दारातली चप्पल चाटली.

रेवा आली तेव्हा चौदा महिन्यांची होती. तिची आई श्वेता मूळची यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला. नवरा बंगळुरूला. पुण्यात रक्ताचं म्हणावं असं कोणी नाही. सकाळी कंपनीची बस गाठायला ती रेवाला माझ्या कडेवर देऊन अक्षरशः पळत सुटायची. रेवा पहिले तीन दिवस काही खाईना. चौथ्या दिवशी तिने माझ्या हातून एक घास घेतला, आणि मग दुसऱ्या कोणाच्या हातून घ्यायचाच नाही असं ठरवून टाकलं. कधी रविवारी संध्याकाळी श्वेता तिला घेऊन दारात उभी राहायची. "काकू, सॉरी हां, आज सुट्टी आहे तुमची. पण सकाळपासून काही खाल्लं नाही तिने. दोन घास भरवता?" मी कणीक तिंबत असले तर हात धुऊन यायची. आम्हा पाळणाघरवाल्या बायकांना विचाराल तर आम्ही म्हणू, सगळी मुलं सारखीच. ते खरं नसतं. रेवा माझी जास्त होती.

बंद करण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एका शनिवारी भाचीचं डोहाळजेवण होतं कोथरूडला. त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून तिच्याकडे कोणाकोणाचं पोट बिघडल्याचं कानावर आलं होतं, पण मी लक्ष दिलं नाही. जेवून आले, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मला तीन उलट्या झाल्या. आपल्याकडे उलटी झाली की ते पित्त. ऊन लागलं, जागरण झालं, जेवायला उशीर झाला, सगळ्याचं पित्त होतं. मी सुंठ-साखर घेतली, पडून राहिले. सोमवारी सकाळी उठले ती खडखडीत.

माझ्याकडे रंजना मदतीला होती. लोणी काळभोरहून रोज यायची, बारा वर्षं. उलट्यांचं ऐकून ती म्हणाली, "काकू, आज तुमी बसा निवांत. पोरांना मी भरिवते."

"तुझ्या हातून जेवणार आहेत का ती?"

"न्हाई जेवायची. पर तुमी कालच्याला आजारी व्हता."

"पित्त होतं ते, रंजना. पित्त काय उडून दुसऱ्याला लागतं?"

मी दारातल्या बाटलीतून सॅनिटायझर घेऊन हाताला चोळलं, कोरोनाने लावलेली सवय, आणि परातीशी बसले. कोरोनाआधी मी साबणाने हात धुतल्याशिवाय बसत नसे. पण बाटली आली आणि ते मागे पडलं. दोन थेंब चोळले की हात स्वच्छ, असं मीही समजत होते.

मंगळवारी दुपारी तिसरी फेरी चालू असताना रेवाला उलटी झाली. सतरंजीवर, शेजारच्या दोन मुलांच्या अंगावर, थोडी परातीच्या काठावरही. मी तिला उचलली, रंजनाने फडकं मारलं, सतरंजी झटकून उन्हात टाकली. फोन केल्यावर श्वेता हिंजवडीहून रिक्षा करून तीनला पोचली. संध्याकाळी सहाच्या आत आणखी तीन घरांतून फोन आले. बुधवारी आठ. मग रंजना, मग आईवडील, एका घरात आजोबा. मुलांना उलट्या, मोठ्यांना जुलाब. पाळणाघर मला कोरोनानंतर पहिल्यांदाच, उरलेला आठवडाभर बंद ठेवावं लागलं, आणि पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न: सुरुवात कोणापासून?

पहिली उलटी कोणाची, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या सोमवारी श्वेता रेवाला घेऊन आली. रेवाला एक दिवस सलाइन लावावं लागलं होतं. गाल बसले होते. दारात आणखी तीन आया उभ्या होत्या आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, आता काकू काय करतात ते.

मी विचारलं, "मंगळवारी सकाळपासूनच बरं नव्हतं ना हिला?"

"नाही काकू. दूध जरा कमी प्यायली, एवढंच."

"म्हणजे होतं."

"दूध ती रोजच कमी पिते. मी खोटं कशाला बोलू?"

"कशाला बोलतात ते मला नका विचारू. इतकी वर्षं तेच ऐकतेय. बारा घरांनी भोगलं तुमच्या एका दिवसाच्या रजेपायी. दुसरीकडे सोय बघा आपण."

तिने त्या तिघींकडे पाहिलं. त्या चपलांकडे बघायला लागल्या. "काकू, आजच्या दिवस तरी ठेवा. आज माझं रिलीज आहे, ऑफिसचं काम आजच पुरं करून द्यायचंय."

"मग आजच बघा."

रेवा तिच्या कडेवरून रोजच्यासारखी माझ्याकडे झेपावली, दोन्ही हात पुढे करून. मी एक पाऊल मागे सरले. हे लिहितानाही मला ते पाऊल आठवतं. श्वेताने तिचे हात हळूच खाली केले आणि ती निघून गेली. मी आत येऊन ग्रुपवरून तिचं नाव काढून टाकलं.

गुरुवारी मी बालरोगतज्ज्ञांकडे गेले. आमच्या भागातली ही डॉक्टर मीनल लहानपणी माझ्याकडेच होती. तिसऱ्या वर्षापर्यंत गालात घास साठवणाऱ्यांपैकी. माझी बहुतेक मुलं आजारी पडली की तिच्याकडेच जायची, त्यामुळे या वेळचे दहा तरी पेशंट तिचेच होते. यापुढे आजारी मुलाला परत घेताना पालकांकडून कोणतं सर्टिफिकेट मागावं, हे विचारायला मी ऐटीत गेले होते.

तिने एका मुलाची तपासणी करून घेतली होती. नोरोव्हायरस नावाचा विषाणू निघाला होता. मग तिने कागदावर मुलांची नावं आणि उलटीच्या वेळा लिहिल्या. ती म्हणाली, "काकू, हे पोटात गेलं की आजार दिसायला अर्धा दिवस ते दोन दिवस लागतात. मंगळवारी दुपारी रेवा. आणि संध्याकाळी सहाच्या आत हे तिघं. रेवाकडून लागून इतक्या लवकर नाही होत. या चौघांना एकाच वेळी मिळालंय, साधारण सोमवारी. सोमवारी काय झालं होतं तुमच्याकडे?"

"काही नाही. नेहमीसारखाच दिवस."

"तुम्हाला झालं का काही?"

"मला नाही. रविवारी जरा पित्त झालं होतं, तेवढंच."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "सोमवारी तुम्हीच भरवलंत?"

पुढचं तिने मला अगदी मुलाला सांगावं तसं सांगितलं. या विषाणूला माणूस पाडायला फौज लागत नाही, अगदी थोडे कण पुरतात. आजारी माणसाच्या उलटी-जुलाबात मात्र तो अमाप असतो, म्हणजे नखात अडकलं तरी पुष्कळ जणांची सोय होते. उलटी झाली की न दिसणारे थेंब उडून भिंतीवर, खेळण्यांवर, शेजारच्याच्या ओठांवर बसतात आणि तिथे दिवसेंदिवस टिकतात. नुसतं फडकं मारून तो पसरतो. ब्लीचचं पाणी लागतं. सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगले चोळून धुतले तरच तो हातावरून जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, उलट्या थांबल्या की आपण बरे झालो असं आपल्याला वाटतं, पण तो त्यानंतरही कित्येक दिवस शरीरातून बाहेर पडत असतो. पहिले दोन दिवस तर त्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकू नये.

"आणि तुम्ही एका हाताने बारा तोंडांत," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "मीही तेच खाल्लंय काकू. त्याच परातीतलं."

मुलांसाठी मी दारावर पाटी लावली होती. माझ्यासाठी मी ती कधी वाचलीच नव्हती.

आता इथे मी तडक उठून श्वेताला फोन केला असं लिहिता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. मी केला नाही. घरी आले. रंजनाला सांगितलं. ती "मी म्हणले व्हते" असं म्हणाली नाही, नुसती परात घासत राहिली. पुष्कळ वेळ घासत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी सगळं बदललं. प्रत्येकाची वेगळी वाटी, वेगळा चमचा. नळाशी रांग लावून साबणाने हात. हातमोजे घालूनही एकदा भरवून पाहिलं; मुलांनी तोंडच उघडलं नाही, आणि एक तर हाताकडे बघून रडायलाच लागलं. परात माळ्यावर गेली. मुलं चमच्याने जेवायला लागली, निम्मं अंगावर सांडून का होईना. शेजारच्याकडे बघून तोंड उघडणं संपलं, कारण प्रत्येक जण आपापल्या वाटीत बघत होता. योग्य होतं ते. मला अजून कोणी विचारलं तर मी हेच सांगेन की असंच करा. पण ती दुपार गेली ती गेली. बोटांना काही कळेनासं झालं.

पालकांनी मात्र माझी वाहवा केली. काकूंनी कशी कडक भूमिका घेतली, नियम म्हणजे नियम. मी ते ऐकून घेत राहिले. पन्नास माणसांत चोर म्हणून दुसऱ्याला धरून द्यावं आणि वर शाबासकी घ्यावी, तसं वाटायचं. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. सुरुवात माझ्यापासून झाली, रेवापासून नाही. दोघांनी मुलं काढून घेतली. बाकीच्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली, तुम्ही ग्रेट आहात वगैरे. जिला ते कळायला हवं होतं तिला त्या ग्रुपवरून मीच काढलं होतं.

तिला फोन लावायची आणि वाजायच्या आत बंद करायची, असं आणखी दोन महिने चाललं. शेवटी रंजनाने पत्ता मिळवून माझ्या हातात ठेवला. "जाऊन या काकू. किती दीस असं फिरताय घरातल्या घरात?"

श्वेता आता हिंजवडीतच राहायला गेली होती. शनिवारी दोन बस बदलून तिकडे गेले. चौदावा मजला. दार श्वेताच्या आईने उघडलं. "या नं, बसा," म्हणाल्या. श्वेता आतून आली, मला बघून थांबली, मग म्हणाली, "काकू, पाणी घ्या."

मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. रविवारची उलटी, सोमवारचा हात, डॉक्टरांचा कागद. माफी मागितली.

"मला माहीत होतं तिला काही नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हालाही माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच आठवड्यात. गुरुवारी."

"गुरुवारी." ती म्हणाली. "मी शुक्रवारपर्यंत रजा टाकून घरी बसले होते. वाटत होतं, काकूंचा राग उतरेल, फोन येईल. शुक्रवारी रात्री मग आईला बोलावून घेतलं. तेव्हा सांगितलं असतंत ना काकू, तर मी दुसऱ्या दिवशी आणलं असतं तिला. एक शब्द न बोलता."

तिच्या आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "श्वेताचे बाबा एकलेच आहेत तिकडं यवतमाळले. खिचडी तेवढी जमते त्यांले." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. म्हणूनच मला मान वर करवेना.

जेवणाची वेळ होती. आजीने रेवाचं ताट आणून खाली ठेवलं आणि रेवा येऊन बसली. तीन वर्षांची झाली होती जवळजवळ. केस वाढले होते. मी कोण ते तिला ओळखू आलं नाही. तिने वरणभात स्वतःच कालवला, थोडा सांडला, आणि माझ्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, "ही कोण?"

पाळणाघरवाल्या काकू, असं श्वेता म्हणेल असं मला वाटलं; तेही चाललं असतं. ती रेवाशेजारी खाली बसली, तिच्या बाहीवरची शितं काढली आणि म्हणाली, "ह्या काकू. तू लहान होतीस ना, तेव्हा तुला ह्या भरवायच्या."

रेवाने मला नीट बघून घेतलं. मग एक घास उचलला, तोंडात घातला, आणि भरल्या तोंडाने मला सांगितलं, "मी माझ्या हाताने जेवते."

"शहाणी आहेस," मी म्हटलं. तिला एक घास, फक्त एक, भरवावा असं मला त्या वेळी इतकं वाटलं की मी उजवा हात पदराखाली घट्ट धरून ठेवला, आणि ती जेवून उठेपर्यंत तशीच बसून राहिले.